सहाशे गजांच्या खालचं घर : मलकपेठमध्ये गारवा कसा बांधायचा?

हैदराबाद : दरवर्षी 9 मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराला हैदराबादेत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच जिरते. नांदेडला हीच वेळ साधारण आठवडाभराने येते. या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. शाळेतली मुलं काठी रोवून तो बघतात. घर बांधायला काढलेल्या माणसानेही एकदा बघावा. उन्हाळ्याच्या ऐन भरात दुपारचं ऊन भिंतींना जेमतेम शिवतं. सगळा मार छतावर पडतो.

मलकपेठसारख्या वस्तीत हा मार जास्तच जाणवतो. मुसी नदीच्या दक्षिणेचा, रेसकोर्स आणि गंजाचा हा जुना भाग. महाराष्ट्रातला कांदा याच गंजात उतरतो, आणि मराठवाड्यातून येणाऱ्या गाड्या जिथे थांबतात ते काचिगुडा स्टेशन नदीपलीकडे, अगदी जवळ. इथली पुष्कळ घरं शंभर-दोनशे गजांच्या प्लॉटवर उभी आहेत (गज म्हणजे इथला चौरस यार्ड). शेजारच्या भिंतीला भिंत लागलेली, बाजूला खिडकीला जागा नाही, वर काँक्रीटची उघडी गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर रात्री दहा-अकराला पंखा लावला तरी तो गरम हवाच फिरवतो, ती यामुळे.

नियम आहे, पण मोठ्या घरांसाठी

तेलंगण सरकारने 3 एप्रिल 2023 रोजी ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केलं. मुदत 2023 ते 2028. सरकारी आणि व्यापारी इमारतींना छत थंड ठेवणं बंधनकारक. घरांच्या बाबतीत मात्र ही सक्ती 600 गज किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला. त्याखाली ऐच्छिक. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये आणलेली घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ही 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटचाच विचार करते. हिशेब केला तर 600 गज म्हणजे साधारण 500 चौरस मीटरच. म्हणजे दोन्ही नियम जवळपास एकाच रेषेवर थांबतात, आणि मलकपेठमधली बहुतेक घरं त्या रेषेच्या अलीकडे राहतात. तिथे कुणी तपासायला येणार नाही. मालकाने, मिस्त्रीने आणि इंजिनिअरने मिळूनच ठरवायचं आहे.

पांढऱ्या छताने किती फरक पडतो?

तत्त्व सोपं आहे. जुना, काळवंडलेला काँक्रीटचा स्लॅब अंगावर पडलेल्या उन्हाचा बराचसा भाग पिऊन घेतो. चांगला पांढरा थर त्यातला बहुतेक भाग परत आकाशाकडे पाठवतो.

याची मोजमापं हैदराबादेतच झाली आहेत. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि हैदराबादची ट्रिपल आयटी यांनी शहराजवळच्या एका कंपनीच्या वातानुकूलित इमारतींवर अभ्यास केला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. साधं काँक्रीटचं छत पांढरं केल्यावर थंडाव्यासाठी लागणारी वीज 10 ते 19 टक्के कमी झाली, तर आधी काळं असलेलं छत पांढरं केल्यावर 14 ते 26 टक्के. 2017 मध्ये शहरातल्या देवरकोंडा बस्तीत 25 छोट्या घरांच्या छतावर पांढरं आवरण घालून पाहिलं. घरातली हवा सरासरी 2 अंशांनी थंड राहिली. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्यासाठी हे दोन अंश म्हणजे रात्रीची झोप.

पर्याय तीन-चार आहेत. चुना सगळ्यात स्वस्त, पण पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. खास परावर्तक रंग काही वर्षं टिकतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझेक महाग, पण सगळ्यात टिकाऊ. उतार नीट दिला तर गळतीही थांबते. धोरण आलं तेव्हा खर्चाचा अंदाज चौरस मीटरला 300 रुपयांच्या आसपास सांगितला गेला होता. त्या हिशेबाने 80 चौरस मीटरच्या गच्चीला 24 हजार. आजचा दर दुकानात विचारून घ्यावा, पण एसीच्या किमतीशी तुलना करायला हा आकडा पुरेसा आहे.

नवीन घर असेल तर आणखी एक पायरी पुढे जाता येतं. इको निवास संहिता म्हणते की आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या सहा इंची स्लॅबमधून साधारण 3.3 वॅट जाते. स्लॅबच्या वर चांगल्या प्रतीच्या फोमच्या शीटचा इंचभर थर, त्यावर संरक्षक कोबा आणि पांढरी फरशी केली की हा आकडा 1 च्या खाली येतो. हे काम वरच्या बाजूने करायचं. खालून फॉल्स सीलिंग केलं तर स्लॅब तापायचा तो तापतोच.

माळवदाकडून काय घ्यावं, काय सोडावं?

सीमेच्या अलीकडे-पलीकडे ज्यांचं बालपण गेलं, त्यांना माळवदाचं घर आठवतं. जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यातही आत गार. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हीच जड छतं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणून तसंच्या तसं बांधणं धोक्याचं. गच्चीवर मनाला येईल तेवढी माती किंवा बाग चढवणंही चूकच. स्लॅबला किती भार झेपतो ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुंड्यांची रांगही वाढवू नये.

माळवदाकडून घ्यायची ती दोन तत्त्वं: उष्णता छतावरच अडवायची, आणि घराच्या मध्ये हवेला वाट ठेवायची. पहिलं हलक्या थराने साधतं. दुसऱ्यासाठी वाड्याला चौक असायचा. शंभर गजांत चौक बसत नाही, पण जिना बसतोच. जिन्याच्या माथ्यावर उघडता येणारी जाळी किंवा झरोका ठेवला की रात्री गरम हवा वरून निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. मधल्या खोल्यांसाठी चार फुटांचा उघडा डक्ट ठेवायला मालक कुरकुरतात, जागा वाया जाते म्हणतात. पण तो नसला की त्या खोलीत दिवसाही दिवा आणि पंखा लागतो, कायमचा.

भिंतींसाठी फ्लाय अ‍ॅशच्या विटा किंवा हलके एएसी ब्लॉक चालतात. एएसी ब्लॉक उष्णता चांगली अडवतात, मात्र गिलाव्याला भेगा पडू नयेत म्हणून सांधे नीट जोडणारा मिस्त्री हवा.

खिडकी : दिशा रस्ता ठरवतो, सावली आपण

छोट्या प्लॉटवर घराचं तोंड कुठे करायचं ते वास्तुशास्त्रापेक्षा रस्ताच ठरवतो. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, कारण तिकडचं ऊन उंचावरून येतं. पूर्व-पश्चिमेला छज्जा उपयोगी पडत नाही. सकाळ-संध्याकाळचा सूर्य खाली असतो, तो छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. तिथे उभी जाळी, बांबूचा तट्टा किंवा वेल हवा, आणि तोही काचेच्या बाहेर. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता घरात आलीच.

पंखा, कूलर आणि 200 युनिटची रेषा

तेलंगणच्या ‘गृहज्योती’ योजनेत मार्च 2024 पासून पात्र कुटुंबांना महिना 200 युनिटपर्यंत वीजबिल शून्य येतं. उन्हाळ्यात ही रेषा ओलांडली की त्या महिन्याचं बिल भरावं लागतं. म्हणून इथे युनिटचा हिशेब थेट खिशाला लागतो.

साधा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे दिवसाला 12 तास चालले तर महिन्याला सुमारे 65 युनिट वाचतात. एसी असेल तर 24 अंशांवर ठेवावा. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरही उत्तम काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. पाऊस लागला की हवा दमट होते आणि त्याचा उपयोग संपतो.

सोलर शेवटी

पंतप्रधान सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30 हजार, आणि 3 किलोवॅट किंवा त्यावर एकूण 78 हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण 10 चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून दिवसाला सुमारे 4 युनिट मिळतात. शंभर गजांच्या गच्चीवर टाकी आणि जिन्याची खोली वगळून किती जागा उरते ते आधी मोजावं. पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर बसवले तर खाली सावली मिळते आणि कपडे वाळत घालायची जागाही राहते. ज्यांचं बिल आधीच शून्य आहे त्यांचा सोलरवरचा खर्च लवकर वसूल होणार नाही. त्यांनी आधी छताकडे बघावं.

पाणी

हैदराबादेत वर्षाला साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो. 80 चौरस मीटरच्या गच्चीवरून, गळती-बाष्प वजा जाता, 50 हजार लिटरपर्यंत पाणी हाती येऊ शकतं. पहिल्या पावसाचं मळकं पाणी सोडून द्यावं, पुढचं टाकीत किंवा शोषखड्ड्यात. इथे त्याला ‘इंकुडू गुंता’ म्हणतात. मिस्त्रीशी बोलताना हाच शब्द वापरावा. मुसीच्या काठालगत सखल भागात घर असेल तर जोत्याची उंची आधी, खड्डा नंतर. 1908 चा पूर जुना झाला, पण मूसारामबागचा जुना पूल त्यानंतरही पुरात बंद ठेवावा लागायचा.

भाड्याने राहणाऱ्यांनी काय करावं?

स्लॅब मालकाचा, घाम भाडेकरूचा, अशी पुष्कळांची स्थिती आहे. तरी मालकाला विचारून चुना देता येतो. गळती कमी होते म्हटलं की मालक चुन्याऐवजी चांगल्या रंगाचाही विचार करतो. बाहेरून लावायचा तट्टा आणि बीएलडीसी पंखे घर बदलताना सोबत नेता येतात. दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या, यालाही पैसे लागत नाहीत.

छताचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं. स्लॅब कोरडा असतो, भेगा दिसतात, रंग नीट धरतो. आधी भेगा भरायच्या, मग घासून धुवायचं, मग दोन हात द्यायचे. धुळीने पांढरेपणा वर्षभरात उतरतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी गच्ची एकदा झाडून-धुऊन घ्यावी.