मागील दारची वहिवाट

कोकणातल्या घराची ओळख पुढच्या अंगणावरून करून घेणारा मनुष्य निम्माच परिचय घेऊन परत जातो. कारण अंगण असते ते सोयऱ्याधायऱ्यांसाठी, सत्यनारायणासाठी आणि वसुलीला आलेल्या तलाठ्यासाठी, आणि घराचा खरा कारभार चालतो तो मागील दारी, न्हाणीच्या सांडपाण्यापासून गडग्यापर्यंत पसरलेल्या त्या चार-पाच गुंठ्यांत, ज्याला कोणी परसू म्हणते, कोणी परडे. माड, पोफळी, आंबा यांची गणती होते, त्यांवरून भाऊबंदांत कज्जे होतात, वकिलांचे वाडे उभे राहतात. पण मोरीच्या तोंडाशी माजलेल्या अळवावरून किंवा गवती चहाच्या ठोंबावरून कोणी फिर्याद गुदरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दापोलीकडच्या आमच्या घरी हा मुलूख आत्याच्या अंमलाखाली होता. आमची जमीन जांभ्याची. तिच्यावर वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांच्या वर, म्हणजे आत्याच्या हिशेबाने सव्वाशे इंचांच्या घरात पाऊस कोसळतो, आणि तो सगळा चार महिन्यांत आटोपून शिमग्याला जमीन पुन्हा भाकरीच्या तव्यासारखी तापते. हा स्वभाव ओळखूनच तिने प्रत्येकाला जागा नेमून दिली होती. न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला, कारण त्या दोघांना ते निमूट पचते. पुदिना विहिरीच्या काठाशी, माडाच्या सावलीत, जिथे रहाटाचे ठिबकणारे पाणी त्याला आपसूक मिळे. गवती चहा गडग्याच्या कडेने. आणि हळद व आले परसवातल्या सर्वांत उंच वाफ्यावर, उताराच्या तोंडाशी, म्हणजे पावसाचे पाणी तिथे क्षणभरही रेंगाळू नये. त्या वाफ्यावर अक्षय्यतृतीयेच्या सुमारास कंद पुरायचे, वर शेणखत, आणि त्यावर पातेऱ्याचे जाड पांघरूण.

आषाढात ही हळद हात-दीड हात वर येते आणि श्रावणात तिची पाने पातोळ्यांना आणण्याजोगी होतात. नागपंचमीला चिरणे आणि तळणे वर्ज्य, म्हणून स्वयंपाक वाफेवरचा. पाने आदल्या संध्याकाळीच खुडून पाण्यात ठेवलेली असत. पानाच्या गुळगुळीत अंगावर तांदळाच्या पिठीचा पातळ थर बोटांनी पसरायचा, अर्ध्या भागावर गूळखोबऱ्याचे सारण घालायचे, पान उभे दुमडायचे आणि मोदकपात्रात ठेवायचे. झाकण काढताच जो वास घरभर पसरतो तो हळकुंडाचा नव्हे, केशराचा नव्हे, कशाचाच नव्हे. तो त्या पानाचाच. पान अलगद सोलून काढले की पातोळीच्या पांढऱ्या अंगावर मधल्या शिरेपासून दोहों बाजूंना तिरप्या निघालेल्या बारीक शिरांची संपूर्ण छापणी उमटलेली दिसते. लहानपणी आम्ही ती रेघ न् रेघ बोटाने गिरवत बसायचो आणि पातोळी निवली म्हणून बोलणी खायचो. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत साठवली गेली ती हळद व्यापाराची. आमची ही केवळ पानांसाठी आणि लोणच्यापुरती.

या हळदीचे एक वैशिष्ट्य मला पुष्कळ उशिरा, वनस्पतिशास्त्राचे एक पुस्तक चाळताना समजले. हळदीला फूल येते, देखणे येते, पण ती बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती वांझ आहे. लागवडीतल्या आल्याचीही गत हीच, गवती चहा तर फुलण्याचाच आळस करतो. अर्थात या वनस्पतींना वारा पसरवू शकत नाही, पाखरू नेऊ शकत नाही. कोणी तरी एक तुकडा मोडून दुसऱ्याच्या हातावर ठेवला तरच त्या पुढे जातात. ज्याच्याकडे मुंबई बेट इजाऱ्याने होते त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापविलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात आल्याची आणि हळदीची चर्चा केली आहे. त्याने ज्या वाफ्यातले कंद हाती घेऊन पाहिले असतील, त्यांच्याच अंगाचा एखादा मोडका तुकडा हातोहात फिरत आमच्या वाफ्यात येऊन पोचला असणे अशक्य नाही, आणि तसे असेल तर ती त्या हळदीची संतती नव्हे, तीच हळद होय.

आत्याला गुणसूत्रांची वार्ता नव्हती, पण देण्याघेण्याचा हिशेब चोख होता. हे आले कोणाचे, हा विड्याचा वेल कोणत्या घरून आला, ओव्याचे पान कोणत्या बाळंतिणीने आणले, सारे तिला मुखोद्गत. (ओव्याचे पान म्हणजे जाड, लवदार पानांचे ते झुडूप, त्याचा आणि दाण्याच्या ओव्याचा संबंध वासापुरताच, पण भजी मात्र याच पानांची करावी.) तिच्याकडे कोणी कंद मागायला आले की ती तो ओल्या गोणपाटात गुंडाळून देई आणि न चुकता म्हणे, “जगला तर सांगायला ये, मेला तर पुन्हा न्यायला ये.”

कढीपत्ता या व्यवहारात कोणाचा मिंधा नाही. त्याची जांभळट काळी फळे बुलबुल खातात आणि गडग्यावर बसून बिया टाकतात. शिवाय मुळांतून फुटवे निघतात ते वेगळेच, म्हणून आत्याने त्याला पार कोपऱ्यात हद्दपार केले होते. शास्त्रीय नावात मात्र त्याच्या मागे तरंगमपाडीच्या डॅनिश वसाहतीत येऊन राहिलेला लिनियसचा शिष्य कोनिग चिकटला आहे. झाड लिंबाच्या कुळातले, आणि हे आपल्या आधी फुलपाखरांना कळलेले असते. एकदा भाद्रपदात फोडणीसाठी डहाळी मोडली तेव्हा पानावर पाखराची शीट पडल्यासारखे काही दिसले. झटकायला गेलो तर ते हलले. कॉमन मॉर्मन या फुलपाखराची ती कोवळी अळी. शेजारच्या पानावर तिचीच थोरली बहीण, करंगळीएवढी, हिरवीगार, पानात पान होऊन बसलेली. तिला काडी लावताच डोक्यामागून तांबडे, दुभंगलेले, ओलसर शिंग झटक्यासरशी बाहेर आले, उग्र वास सुटला, आणि मी काडी टाकून दोन पावले मागे सरलो. शिंग सावकाश आत गेले. यातून निघणारी मादी कधी नराच्याच पेहरावात हिंडते, तर कधी विषारी गुलाब फुलपाखरांचे लाल ठिपक्यांचे सोंग घेते, म्हणजे पाखरे तिच्या वाटेस जात नाहीत. आत्याला हे दाखवले, तर “तिच्या वाटणीची डहाळी सोडून मोडावी” एवढाच निकाल मिळाला.

कोथिंबिरीबद्दल मात्र मी कोकणाची बाजू घेणार नाही. ते पीक मुळात थंडीचे. पावसात कुजते, उन्हाळ्यात हातभर होण्याआधीच फुलावर येते. दिवाळी झाल्यावर धने चपलेखाली हलके रगडून दुभंगवावेत, कारण एक धना म्हणजे दोन बियांचे फळ. मग दीड-दोन महिने काय ती चैन. एरवी घाटावरून येणारी जुडी मुकाट्याने विकत घ्यावी. मिरचीला हा नखरा नाही. पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेहून आलेली ही परकीण इतकी मुरली, की तिखटपणा न जाणवणारे बुलबुल तिच्या बिया खुशाल पेरत हिंडतात आणि लवंगी मिरचीचे रोप हवे तिथे उगवते. जायफळात नर-मादी झाडे वेगळी असल्याने रोप लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा मादीचे कलम आणावे हे शहाणपण. तिरफळाचे झाड काट्यांमुळे आणि आकारामुळे परसवात मावत नाही. बांगड्याच्या आमटीपुरते ते कोणा ना कोणाकडून मिळते.

आत्या गेल्यावर चार वर्षांनी मला मागील दारी चिखल होऊ नये म्हणून चिऱ्यांची फरसबंदी करण्याची बुद्धी झाली. काम देखणे झाले. फक्त उतार अडला. त्या श्रावणात हळदीची पाने कडेने पिवळी पडू लागली, आणि मी एक खोड धरले तर ते विनाप्रयास हातात आले, बुडाशी मऊ पडलेले आणि घाण मारणारे. महिनाभरात वाफा रिकामा झाला. पाने बाजारातून आणली, पातोळ्या झाल्या, कोणी काही बोलले नाही.

फाल्गुनात खालच्या वाडीत एका म्हाताऱ्या काकींकडे गेलो असता मी सहज हळदीची गोष्ट काढली. त्या ऐकत ऐकतच उठल्या, कुदळ घेऊन मागे गेल्या, आणि गड्डा उपटून माती झाडत म्हणाल्या, “ही तुमचीच रे. माझ्या सुनेच्या पहिल्या नागपंचमीला तुझ्या आत्याने दिलेली.” गड्ड्याचे तीन तुकडे त्यांनी मोडले, मोडीचा रंग शेंदरासारखा भगभगीत होता. मग तुकडे गोणपाटात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “जगली तर सांगायला ये.”

पुढचे मला पाठ होते. घरी येऊन मी आधी कुदळीने फरसबंदीच्या दोन ओळी उखडल्या.