पिल्लाआधी त्याची आई पाहा

चंडीगड महापालिकेने 2025 मध्ये कुत्रे पाळण्याचे नवे नियम लागू केले. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो यांच्यासह सहा जाती नव्याने पाळायला मनाई झाली. किती कुत्री पाळायची, हेही घर किती मरल्यांचं (मरला हे तिथलं जागेचं माप) आहे त्यावर ठरलं.

चर्चा झाली ती चावणाऱ्या जातींची. कुत्र्यांची पिल्लं जन्माला घालून विकणाऱ्यांबद्दलही तितकंच बोललं जायला हवं.

केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची वीण घ्यायची नाही, पुढेही वर्षातून एकदाच आणि आयुष्यात पाचच वेळा. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. प्रत्येक माजाला तिला नर दाखवला, तर शरीर सावरायला वेळच मिळत नाही: अंगावरचे केस विरळ होतात, सड लोंबतात, बरगड्या दिसू लागतात.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायलाही बंदी आहे, आणि त्यामागचं कारण मोलाचं आहे. पिल्लू भावंडाला जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ मोडतो. दात किती हलके लावायचे, हे पिल्लू तिथेच शिकतं. महिन्याभरातच आईपासून तोडलेल्या पिल्लाला हे शिकवणार कोण?

पगची गोष्ट वेगळी. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या पगला तेच जड जातं, आणि चंडीगडचा पारा मे-जूनमध्ये चाळीसच्या वर जातो. तरी रूपासाठी नाक आणखी चपटं करणारी निवड चालूच राहते. हा सरळसरळ अन्याय आहे.

घेणाऱ्याने नोंदणी क्रमांक आणि लसीकरणाचं कार्ड मागावं, पिल्लाच्या आईला समोर आणायला सांगावं. टाळाटाळ झाली, तर व्यवहार करू नये.