एक जहाज, चार नावं: लिहायचं कोणतं?

१९३२ साली इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गोदीत एका क्रूझरचं जलावतरण झालं. नाव ‘अकिलीज’. १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन ‘ग्राफ श्पे’शी भिडली. त्या दिवशी तिला ‘एचएमएनझेडएस अकिलीज’ म्हणणं चूक. बरेच खलाशी न्यूझीलंडचे असले तरी त्या देशाचं स्वतंत्र रॉयल नौदल १ ऑक्टोबर १९४१ ला अस्तित्वात आलं. लढाईतली ती ‘एचएमएस अकिलीज’.

१९४८ मध्ये भारताने ती घेतली आणि तिचं नाव ‘दिल्ली’ झालं. पण प्रजासत्ताक होईपर्यंत आपल्या युद्धनौकांच्या नावाआधी ‘एचएमआयएस’ लागत असे. ‘आयएनएस दिल्ली’ म्हणायचं ते २६ जानेवारी १९५० पासून. १९६१ च्या दीव मोहिमेत तोफा डागल्या त्या ‘आयएनएस दिल्ली’ने.

म्हणून नियम साधा: घटना ज्या दिवसाची, नाव त्या दिवसाचं. पहिल्या उल्लेखात ‘पुढची आयएनएस दिल्ली’ अशी जोड दिली की वाचक गोंधळत नाही. संपूर्ण कारकीर्द सांगताना मात्र शीर्षकात ‘अकिलीज’ आणि ‘दिल्ली’ ही दोन्ही नावं द्यावीत, कारण तिची निम्म्याहून अधिक सेवा, १९७८ पर्यंतची, भारतीय आहे.

आणखी एक खबरदारी: १९९७ साली नौदलात आलेली, माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस दिल्ली’ वेगळी. तिथे साल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.