शितावरून लंडनची परीक्षा!

ओळख पाहू! लंडनच्या ऐन मध्यात टोलेजंग इमारत बांधायची असेल, तर पायाला हात लावण्याआधी कोणाला बोलावतात? गवंड्याला? अहं! पुरातत्त्वज्ञांना! म्हणजे जमिनीत गाडल्या गेलेल्या वस्तूंवरून जुन्या माणसांचा माग काढणाऱ्या मंडळींना.

कारण पाया खणणारं यंत्र एकदा घुसलं, की खाली जे काही असेल त्याचा चुराच!

पण खाली काय दडलंय, हे आधीच कळणार कसं? जुने नकाशे बघायचे. इथे कधी ओढा होता का? आसपास पूर्वी काही सापडलं होतं का? मग मोजक्या जागी छोटे खड्डे घ्यायचे. भात शिजला का बघायला आई अख्खं पातेलं उपसते का? एक शीत दाबते, झालं! हे खड्डे म्हणजे ती शितं.

आता खरी गंमत ऐक. ब्लूमबर्ग कंपनीला लंडनमध्ये ऑफिस बांधायचं होतं. जागा कुठली, तर 1954 मध्ये जिथे रोमन लोकांचं मिथ्रास देवाचं देऊळ सापडलं होतं तीच! शिवाय तिथून पूर्वी वॉलब्रुक नावाचा ओढा वाहायचा.

ओढा म्हटला की चिखल आलाच, आणि चिखल म्हणजे या मंडळींची चंगळ! लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना हवा लागते. ओल्या, घट्ट चिखलात हवा जवळजवळ नसतेच. मग लाकूड शेकडो वर्षं टिकतं!

आणि टिकलंच की! 2010 नंतर तिथे खोदकाम झालं आणि रोमन लोकांच्या 400हून जास्त लाकडी पाट्या निघाल्या. पाटीच्या खोलगट भागात काळं मेण भरायचं आणि टोकदार लेखणीने त्यावर लिहायचं, अशी ती पद्धत. मेण केव्हाच गेलं होतं. पण जोर देऊन लिहिताना लेखणी खालच्या लाकडात घुसली होती ना! ते बारीक ओरखडे रॉजर टॉमलिन या अभ्यासकाने वाचले. केवढी चिकाटी!

एका पाटीवर तर चक्क तारीख आहे: 8 जानेवारी, इसवी सन 57! लिहिलंय काय? तिबुलस नावाचा माणूस म्हणतो, घेतलेल्या मालाचे 105 दिनार मी ग्रातसला देणं लागतो. उधारी बरं का, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची!

आणखी एका पाटीवर नुसतीच ओळीने मुळाक्षरं आहेत. कोणी गिरवली असतील? अभ्यासकांना वाटतं, तिथे तेव्हा चक्क शाळा भरत असावी!