डोंगर उतरताना बदलणारी चूल

अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते, उंट येतो, खजुराची चार झाडे येतात. येमेनच्या पश्चिम भागाला हे चित्र अजिबात लागू पडत नाही. इथे आहे तो डोंगर. अरबी द्वीपकल्पातले सर्वांत उंच शिखर, 3,666 मीटरचे जबल अन-नबी शुऐब, येमेनमध्येच आहे आणि राजधानी सना समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून अधिक उंचीवर वसली आहे. हिंदी महासागरावरून येणारे बाष्प या डोंगरांना अडते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पावसाची एक सर येते आणि जुलै ते सप्टेंबर मुख्य पाऊस पडतो. इब्बच्या परिसरात तो इतका पडतो की उतार हिरवेगार होतात. प्राचीन रोमन लोक या मुलखाला ‘सुखी अरबस्तान’ म्हणत. त्यामागे धूप आणि बोळाचा व्यापार होता तसा हा पाऊसही होता.

पण या देशात बारमाही वाहणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत. पाऊस पडतो आणि उतारावरून निसटून जातो. त्याला धरून ठेवण्याची कला हीच येमेनी माणसाची सर्वांत मोठी निर्मिती आहे, असे मी मानतो. हराझच्या डोंगरात पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या चढत गेलेल्या दिसतात. काही ठिकाणी एखाद्या पायरीची रुंदी जेमतेम दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढीच असते. वरच्या वाफ्यात पाणी मुरते, जास्तीचे खालच्या वाफ्यात उतरते, तिथून आणखी खाली. एक बांध ढासळला की पाण्याला वाट मिळते आणि खालचे वाफे एकामागून एक फुटत जातात. म्हणून दरवर्षी पावसाआधी बांध दुरुस्त करणे हे एका शेतकऱ्याचे नव्हे, अख्ख्या गावाचे काम असते. त्याच बुद्धीचा त्याहून मोठा आविष्कार म्हणजे सबा राज्याच्या काळातले मारिबचे धरण. वाळवंटाच्या कडेला ते शतकानुशतके उभे होते आणि सहाव्या शतकात ते कायमचे फुटले.

या पायऱ्यांवर मुख्यतः ज्वारी पिकते, थंड माथ्यांवर जव आणि गहू. तेव्हा डोंगरातल्या येमेनी घरात रोजचे अन्न भाकरी-रोट्यांचेच असते, भाताचे नव्हे. तन्नूर नावाच्या मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीवर रोट्या थापल्या जातात. ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर एकाच बाजूने भाजलेला, जाळीदार ‘लाहूह’ पाहिला तर कोकणातल्या माणसाला आपली आंबोळीच आठवेल. तो ताकात भिजवून, वर कोथिंबीर, पुदिना आणि हिरव्या मिरचीचे वाटण घातले की ‘शफूत’ होतो. रमजानमध्ये उपवास सोडताना हा पदार्थ हवाच. पीठ पाण्यात घोटून केलेला ‘असीद’चा घट्ट गोळाही असतो. त्याच्या मध्ये खळगा करून मांसाचा रस्सा ओततात आणि कडेने हाताने तोडत, रश्श्यात बुडवत खातात.

दुपारच्या जेवणाचा राजा मात्र ‘सल्ता’. मेथीचे पीठ काही तास पाण्यात भिजवायचे, वरचे कडू पाणी ओतून टाकायचे आणि उरलेला लगदा हाताने फेटत राहायचे. हळूहळू तो पांढरा, हलका, फेसासारखा होतो. याला हुल्बा म्हणतात. दगडी भांड्यात मांसाचा रस्सा, बटाटा, टोमॅटो, कधी अंडे असे जाळावर खदखदत असते. वरून हुल्बा आणि टोमॅटो-मिरची-लसणाचा ‘सहाविक’ घालतात आणि भांडे उकळते तसेच सगळ्यांच्या मध्ये आणून ठेवतात. दगड उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे जेवण संपेपर्यंत रस्सा गरम राहतो. चमचा लागत नाही, रोटीच्या तुकड्याने एकाच भांड्यातून सगळे खातात. या पदार्थात मांस थोडे आणि माणसे जास्त असतात. थोड्या मांसात मोठे कुटुंब जेवू घालण्याची ही रीत मला मोठमोठ्या मेजवान्यांपेक्षा अधिक आदराची वाटते.

जेवण झाले की दुपार कातची. कात म्हणजे एका झुडपाची कोवळी पाने. ती गालात धरून तासन्‌तास चघळतात आणि त्याने तरतरी येते. सनाच्या उंच घरांत सर्वांत वरच्या मजल्यावर ‘मफ्रज’ नावाची बैठकीची खोली असते. भिंतीला टेकून पुरुष बसतात आणि लग्ने, जमिनीचे तंटे, राजकारण सगळे तिथे ठरते. बायकांच्या बैठका वेगळ्या भरतात. खिडक्यांच्या वर रंगीत काचांचे अर्धगोल झरोके असतात, दुपारचा उजेड त्यांतून आत उतरतो. भाजलेल्या विटांची आणि पांढऱ्या जिप्समच्या नक्षीची ही घरे पाच-सहा मजली आहेत. जुन्या पद्धतीत तळमजल्यावर जनावरे, त्यावर धान्याची कोठी आणि वर माणसे. जुने सना शहर 1986 साली जागतिक वारशाच्या यादीत आले.

कातने येमेनचे पाणी पिऊन टाकले, हा आरोप खरा आहे. सनाच्या परिसरात भूजल खोल खोल गेले आहे आणि त्यात कातच्या बागांचा वाटा मोठा आहे. पण शेतकऱ्याला नुसता दोष देऊन भागत नाही. कॉफी वर्षातून एकदा हातात पैसा देते, तर कातची तोड अनेकदा होते आणि माल त्याच दिवशी विकला जातो. म्हणूनच कॉफीच्या पायऱ्यांवर कात चढला.

आणि कॉफी तर जगाला या डोंगरांनीच दिली. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या जपासाठी जाग राहावी म्हणून ती पीत. पुढे तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. बाबा बुदन यांनी मोखाहून कॉफीचे बी आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी आपल्याकडची परंपरा सांगते. गंमत अशी की डोंगरातल्या येमेनी घरात अजूनही जास्त करून ‘किश्र’ पितात. बिया बाजारात जायच्या, घरात राहायचे ते फळाचे वाळलेले टरफल. ते सुंठ-आल्याबरोबर उकळले की हे पेय तयार होते.

डोंगर पश्चिमेला उतरला की तिहामाची उष्ण, दमट किनारपट्टी लागते. तिथे मनोऱ्यांसारखी उंच घरे संपतात, गवताने शाकारलेल्या झोपड्या दिसतात आणि तन्नूरमध्ये रोटीसोबत मसाला चोळलेला उभा चिरलेला मासा भाजला जातो. पूर्वेला खूप आत गेले की हद्रमौतची दरी येते. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळात खजुराच्या बागा आणि मध्ये शिबाम. तटबंदीतले हे गाव उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचे आहे आणि त्यातली बरीचशी उंच घरे सोळाव्या शतकातली. मातीच्या घराला दर काही वर्षांनी नवा गिलावा लागतो. हात फिरला नाही तर पाऊस ते विरघळवतो.

हद्रमौतची जमीन सगळ्यांना पोसू शकत नव्हती, म्हणून तिथली माणसे समुद्रावर गेली. जावा, सिंगापूर, पूर्व आफ्रिका आणि हैदराबाद. निजामाच्या फौजेत हद्रमी अरब मोठ्या संख्येने होते. मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीकडे ‘चाऊस’ हे आडनाव आजही भेटते, ते याच वाटेने आलेले. आपल्या शहरांत अलीकडे जागोजागी दिसणारी ‘मंदी’ही मूळ हद्रमौतची. जमिनीतल्या भट्टीत भाताच्या वर मांस टांगतात आणि त्याची चरबी भातात उतरू देतात. हा तांदूळ व्यापाराचा आहे, जमिनीचा नव्हे. मंदी उत्तम पदार्थ आहे, पण तो खाऊन येमेन समजत नाही. त्यासाठी सल्त्यापर्यंत जावे लागते.

दक्षिणेला एडन. चौदाव्या शतकात इब्न बतूताने इथे भारतीय बंदरांतून येणारी जहाजे पाहिली आणि त्यांत ठाण्याचे नाव नोंदवले. 1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतले ते मुंबईहून आरमार पाठवून, आणि 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई प्रांताकडे होता. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना तिथल्याच तुरुंगात ठेवले होते. तुरुंग फोडून ते निसटले, पण पकडले गेले, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. एडनच्या रस्त्यावर मिळणारा वेलची घातलेला दाट दुधाचा चहा आणि दही-बटाटा घालून शिजवलेला ‘झुर्बियान’ हा मसालेभात, दोन्हींत भारताशी असलेल्या या जुन्या संबंधाची चव आहे.

2014 च्या सप्टेंबरमध्ये हुती बंडखोरांनी सना घेतले, मार्च 2015 मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले आणि त्याच जूनमध्ये जुन्या सनातली काही शतकांपूर्वीची घरे कोसळली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2021 अखेरपर्यंत या युद्धाने सुमारे 3,77,000 जीव घेतले. त्यांतले निम्म्याहून अधिक गोळीने गेले नाहीत, उपासमार, रोग आणि उपचारांच्या अभावाने गेले. युद्धाआधीही देशाला लागणारा बहुतेक गहू बाहेरून येत होता. तरुण आखातात कमाईला गेले, तेव्हापासूनच पायऱ्या ओस पडू लागल्या होत्या. 2016 पासून उत्तरेकडच्या लाखो सरकारी नोकरांना, त्यांत शिक्षकही आले, अनेक वर्षे नियमित पगार मिळाला नाही. येमेनच्या दुकानांत आज पीठ आहे, पण असंख्य घरांकडे ते विकत घेण्याइतके पैसे नाहीत.