चुलीचे तीन दगड

वाचकहो, चूल मांडायला तीन दगड लागतात. दोनच ठेवले तर भांडे कलंडते आणि आतले कालवण राखेत जाते. गरिबी घालवण्याचेही असेच आहे. पहिला दगड शेतीचा. दुसरा घरातल्या माणसांच्या संख्येचा. तिसरा माती, पाणी आणि झाडझाडोरा राखण्याचा. हे तिन्ही दगड बरोबर मांडावे लागतात. एक आज मांडू, बाकीचे पुढे बघू, असे म्हणून भागत नाही. ते का, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

गरिबी जाते का?

पुष्कळ लोक म्हणतात, "गरिबी काय आजची आहे? कपाळी लिहिलेलं कुणाला पुसता येतं?" हे बोलणे खरे नाही. १९९० साली जगातल्या दर तीन माणसांपैकी एकाहून जास्त माणसे अगदी हलाखीत जगत होती. पोटभर अन्न, अंगभर कपडा आणि साधे औषधपाणी यांचीही त्यांना भ्रांत होती. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले. याच काळात जगाची लोकसंख्या दोनशे कोटींहून अधिक वाढली होती. खाणारी तोंडे वाढली, तरी हलाखीत जगणारी माणसे कमी झाली. म्हणजे गरिबी माणसाच्या हाताने हटते, एवढे नक्की.

जे अजून गरीब आहेत, त्यांतले बहुतेक खेड्यांत राहतात आणि शेतीवर किंवा शेतमजुरीवर पोट भरतात. म्हणून पहिला दगड शेतीचा.

पहिला दगड : शेती

१९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षांत देशात पावसाने दगा दिला. अमेरिकेहून गव्हाची जहाजे यायची, तेव्हा रेशनच्या दुकानात धान्य दिसायचे. आपला जुना गहू उंच वाढे. त्याला जास्त खत-पाणी दिले की ओंबी जड होई आणि पीक आडवे पडे. म्हणून पीक वाढवायचे तरी कसे, असा पेच होता.

मेक्सिको देशात नॉर्मन बोरलॉग या शास्त्रज्ञाने बुटका गहू तयार केला होता. ताट आखूड आणि घट्ट, त्यामुळे भरलेली ओंबी तो सहज पेलतो. १९६६ साली भारत सरकारने त्याचे १८,००० टन बियाणे मागवले. आपले शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी ते आपल्या हवामानात बसवले. सी. सुब्रमण्यम हे तेव्हा शेतीमंत्री होते. १९६४-६५ साली देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू झाला होता. १९७०-७१ साली तो सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! नुसत्या बियाण्याने हे झाले नाही. कालवे होते, खत होते आणि ठरलेल्या भावाने धान्य घेणारे सरकार होते. शेतकऱ्याला भावाची खात्री वाटली, म्हणून त्याने हात सैल सोडून पैसा लावला.

पण पुढचे ऐका. पंजाबात गव्हाच्या जोडीला भात आला. भाताला पाणी फार. वीज स्वस्त, पुढे तर फुकट. रात्रंदिवस पंप चालू. आज पंजाबच्या बहुतेक भागांत जमिनीत जितके पाणी मुरते, त्याहून जास्त उपसले जाते. बँकेत दहा रुपये टाकायचे आणि पंधरा काढायचे, हे किती दिवस चालेल? पहिला दगड भक्कम बसला, पण तिसरा मांडायचा राहिला. भांडे त्या बाजूला कलू लागले.

दुसरा दगड : पाळणा

आता एक साधे गणित करू. समजा, एका माणसाची १२ एकर जमीन आहे. त्याला चार मुले. वाटणीत प्रत्येकाला ३ एकर आले. त्यांनाही चार-चार मुले झाली. नातवाच्या वाट्याला किती? पाऊण एकर, म्हणजे ३० गुंठे. आजोबाच्या १२ एकरांवर चार बैल आणि दोन गडी पोसले जात. नातवाच्या ३० गुंठ्यांवर त्याचे स्वतःचेही भागत नाही. आता मुले दोन-दोनच धरा. मुलाला ६ एकर, नातवाला ३ एकर. जमीन तीच, बांध तोच. फरक पडला तो पाळण्याने.

पण गरिबाला मुले जास्त का, हेही समजून घेतले पाहिजे. नुसते नावे ठेवून काय होणार? १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १४६ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे सातांतले एक जाई. अशा वेळी आई-बाप म्हणणारच, "चार झाली तर दोन जगतील. म्हातारपणी कुणीतरी पाहील." हे अडाणीपण नव्हते. तो त्यांचा हिशेब होता. २०२० साली हेच प्रमाण हजारी २८ वर आले. मूल जगेल अशी खात्री वाटू लागली, तसा हिशेबही बदलला. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्ने उशिरा होऊ लागली. १९५० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या पाहणीत देशाची सरासरी दोनवर आली. महाराष्ट्रात तर ती १.७ आहे.

या कामात आपल्या महाराष्ट्राने फार लवकर पाऊल उचलले. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. लोकांनी त्यांची टवाळी केली, त्यांच्यावर खटले झाले. ते मागे हटले नाहीत. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजन हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले. असे करणारा भारत जगातला पहिला देश.

मात्र इथे एक धोका आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. ठिकठिकाणी सक्ती झाली. गरिबांना धरून नेले गेले. त्यामुळे लोक इतके बिथरले की पुढे कितीतरी वर्षे कुटुंबनियोजनाचे नाव काढले तरी दार लावून घेत. पाळणा जबरदस्तीने थांबत नाही. दवाखाना, शाळा आणि समजूत यांनीच तो थांबतो.

आणि पुरुष मंडळींना आणखी एक सांगणे आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि लहान असते. तरी आपल्याकडे शंभर जोडप्यांत एक पुरुषही पुढे होत नाही. सगळा भार बाईवर. याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

तिसरा दगड : माती आणि पाणी

"आमच्याकडं पाऊसच नाही, काय करणार?" असे आपण सर्रास म्हणतो. चला, हेही मोजून पाहू. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,००० लिटर पाणी पडते. ४०० मिलिमीटर म्हणजे दुष्काळी भागातला पाऊस. तरी तेवढ्यात एका एकरावर १६ लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर १६० टँकर झाले. आणि उन्हाळ्यात आपण एका टँकरसाठी हंडे घेऊन रांगेत भांडतो. उरलेले पाणी गेले कुठे? काही उन्हाने उडाले, काही पिकाने घेतले. पण उघड्या माळावरचे पुष्कळसे पाणी ओढ्याने वाहून गेले आणि जाताना वरची कसदार मातीही घेऊन गेले.

वाहत्या पाण्याला चालायला लावावे, चालत्या पाण्याला थांबवावे, थांबलेल्याला जिरवावे. पाणलोटाच्या कामाचे सगळे शास्त्र यात आले.

एका गावाची हकीकत

अहिल्यानगर जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. पूर्वी या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. सह्याद्रीच्या पलीकडे ढग रिते होतात आणि इकडे जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडले. डोंगर उघडे पडले. विहिरी आटल्या. लोक पुण्या-मुंबईला, नाहीतर वीटभट्टीवर गेले. मागे राहिले त्यांच्यात दारू शिरली, भांडणे शिरली.

१९९० च्या सुमारास पोपटराव पवार हे एम.कॉम. झालेले तरुण सरपंच झाले. गाव ग्रामसभेत बसू लागले. पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेत गाव घेतले गेले. त्या योजनेचे पाच नियम होते : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे गावाने आणखी एक मोठा नियम केला. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस आणि केळीसारखी पाणीखाऊ पिकेही घ्यायची नाहीत.

नीट पाहा. या नियमांत आपले तिन्ही दगड आले.

काम डोंगरमाथ्यापासून सुरू झाले. उतारावर समतल चर खणले, झाडे लावली, ओढ्यांवर बांध घातले. रोजगार हमीतून मजुरी मिळाली. ही रोजगार हमी महाराष्ट्राचीच देणगी आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. २००५ साली तशाच धर्तीवर सगळ्या देशासाठी कायदा झाला. हाताला काम आणि कामातून गावाला पाणी, असा हा दुहेरी फायदा.

चराई बंद म्हटल्यावर गुरेवाले आधी कुरकुरले. पण गुरे मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचे, असे ठरले. डोंगरावर गवत माजले. ज्याला जमीन नाही, त्यालाही दावणीला म्हैस बांधता आली. गावात आधी दिवसाला सुमारे १५० लिटर दूध होई, ते पुढे ४,००० लिटरपर्यंत गेले.

सगळ्यांत कठीण होता तो बोअरचा नियम. "माझं रान, माझा पैसा. मी किती खोल जाईन, ते तुम्हाला काय?" असे कुणीही म्हणेल. पण जमिनीवर बांध असतो, जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकाने तीनशे फूट बोअर मारले की शेजाऱ्याची पन्नास फुटांची विहीर कोरडी पडते. मग शेजारी चारशे फूट जातो. ज्याच्याजवळ पैसा नाही, तो या शर्यतीत पहिला मरतो. म्हणून हा नियम गरिबाच्या विहिरीचे राखण आहे, असे आम्ही समजतो.

गावात दरवर्षी पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचे पिण्याचे पाणी. मग जनावरांचे. मग उरेल त्यात कोणते पीक किती घ्यायचे, ते ग्रामसभा ठरवते. पाऊस कमी तर पेरा कमी. बाई जशी डब्यातले पीठ पाहून भाकरी थापते, तसे.

फळ काय मिळाले? १९९५ साली गावात १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ साली ती ५३ झाली. पुढे अवघी ३ उरली. बाहेर गेलेली कितीतरी कुटुंबे परत आली. पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, "मास्तर, हे एका लहान गावाचं झालं. आमचं गाव मोठं, आमच्यात दोन पार्ट्या." खरे आहे. सगळी गावे सारखी नसतात. चांगला पुढारी सगळीकडे सापडत नाही, आणि पिकाला भाव मिळणे तर एकट्या गावाच्या हातीही नसते. त्यासाठी सरकारचे धोरण नीट असावे लागते. पण पाऊस मोजायला पुढारी लागत नाही. मुलीचे लग्न चार वर्षे पुढे ढकलायला सरकारी हुकूम लागत नाही. आणि आपल्या राज्यात ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरली पाहिजे, असा नियमच आहे. तिथे जाऊन बसा. बायकांनी तर जरूर जावे, कारण पाण्याचा हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. तिथे तीन गोष्टी विचारा : आपल्या शिवारात यंदा पाऊस किती पडला? त्यातला किती जिरला? आणि तो आधी कुणाच्या वाट्याला जाणार?

तुम्ही आता अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. ग्रामसभेच्या ठरावावर आता अंगठा उमटवू नका. आधी वाचा, पटले तर सही करा.

प्रश्न

१. बुटक्या गव्हामुळे पीक का वाढले?
२. ८ एकर जमीन आहे. दर पिढीला दोन मुले असतील, तर नातवाच्या वाट्याला किती जमीन येईल? चार मुले असतील तर किती गुंठे?
३. तुमच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. एका एकरावर किती लिटर पाणी पडेल?
४. बोअरचा नियम तुमच्या गावात करावा का? दोन्ही बाजू मांडून वर्गात चर्चा करा.