काडी टाकायची, साल गळ्यात घालायची

हवाईची माळ म्हटली की डोळ्यांसमोर येते पाहुण्यांच्या गळ्यातली चाफ्याची माळ. पण चाफा तिथला नव्हेच. तो १८६० च्या सुमारास बाहेरून आला. हवाईकरांची खरी मानाची माळ माइलेची, आणि ती नुसत्या पानांची असते.

माइले ही तिथल्या डोंगराळ जंगलात झाडाझुडपांवर चढणारी वेल. कूळ आपल्या करवंदाचंच. गंमत म्हणजे जंगलात तिच्या अगदी जवळून गेलात तरी वास येईलच असं नाही. सुगंध दडलेला असतो सालीत, कुमारिन नावाच्या द्रव्यात. साल दुखावली आणि सुकू लागली की तो सुटतो: गोडसर, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा.

म्हणून सगळी कारागिरी साल सोलण्यात. ताजी, लवचिक वेल घ्यायची, हलकेच ठेचायची. साल आतल्या काडीपासून सुटते, मग पानांसकट ती ओढून काढायची. अंबाडीचा वाख काढताना साल ठेवतात नि काडी टाकतात, तसंच हे. फक्त इथे पानं सालीवरच टिकली पाहिजेत. घाई केली की साल फाटते, पानं गळतात. अशा सोललेल्या सरी गाठींनी जोडून लांबी वाढवायची आणि दोन-तीन सरी एकमेकींभोवती पिळायच्या. सुई नाही, दोरा नाही.

या माळेची टोकं बांधत नाहीत. ती खांद्यांवरून पुढे मोकळी लोंबते. गर्भवतीला बंद माळ घालू नये असा तिथे संकेत आहे. तिलाही ही चालते. हुला नृत्याची देवता लाका, तिच्या वेदीवर माइले लागते. लग्नात नवरदेवाच्या गळ्यात हीच असते. उद्घाटनाला फितीऐवजी माइलेची माळ धरतात, पण तिला कात्री लावत नाहीत, गाठ सोडतात. मला ही रीत आपल्या फीत कापण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

मागणी एवढी, की आता बरीच माइले कुक बेटांवरून आयात होते. हवाईच्या सरकारी जंगलात ती तोडायला परवाना लागतो. जाणते लोक वेल मुळासकट उपटत नाहीत. हवी तेवढी तोडून बाकीची वाढायला ठेवतात.

तिकडे कधी गेलात आणि माइलेची माळ घ्यावीशी वाटली, तर भाव करण्याआधी विक्रेत्याला एवढं जरूर विचारा: ही वेल कुठली, आणि तोडली कुणी?